उशाशी शस्त्र, घरात झोप



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींना तो दूरदेशीचा वाटला असेल. रात्री झोपताना माणसाने आपलं पिस्तूल कुठे ठेवावं? महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण घरात पिस्तूलच नसतं. अमेरिकेत मात्र तो रोजच्या रात्रीचा प्रश्न आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३च्या पाहणीनुसार तिथे दर दहा प्रौढांपैकी साधारण चार जण बंदूक असलेल्या घरात राहतात. बंदूक कशासाठी बाळगता, असं विचारल्यावर मालकांपैकी ७२ टक्के लोक स्वसंरक्षण हे मोठं कारण सांगतात. शिकार नाही, नेमबाजी नाही, संरक्षण. आणि हल्ल्याची भीती दाटते ती रात्री. म्हणून पिस्तूल उशाशी येतं. पलंगाशेजारच्या खणात, गादीखाली, उशीखाली, कधी नुसतंच टेबलावर, पाण्याच्या पेल्याजवळ.

ही भीती खोटी आहे का? नाही. अमेरिकेच्या न्यायखात्याच्या सांख्यिकी विभागाने २००३ ते २००७ या काळातल्या घरफोड्यांचा अभ्यास केला. वर्षाला सरासरी ३७ लाख घरफोड्या होत होत्या आणि त्यांतल्या सुमारे २८ टक्के वेळा घरातलं कुणी ना कुणी घरी होतं. एकटी राहणारी म्हातारी बाई, गावाबाहेरच्या वस्तीवरचं कुटुंब, जिथे पोलीस पोहोचायला अर्धा तास लागतो असं शेत. या माणसांच्या भीतीला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. आजचं व्याख्यान त्यांच्या विरोधात नाही, त्यांच्या घरासाठी आहे.

बंदूक असावी की नसावी, हा वाद जुना आहे आणि आज तो बाजूला ठेवायचा आहे. आजचा प्रश्न त्याहून लहान आहे, पण जास्त निकडीचा आहे. जागेपणी जे शस्त्र मालकाच्या ताब्यात असतं, ते मालक झोपल्यावर कुणाच्या ताब्यात असतं? सहा-सात तास माणूस निश्चल पडलेला असतो. त्याच्या हातापासून दोन फुटांवर भरलेलं पिस्तूल असतं. त्या सहा-सात तासांत त्या पिस्तुलाचा राखणदार कोण? या एका प्रश्नाकडे चार बाजूंनी पाहता येतं: कायद्याच्या, झोपेच्या, मुलांच्या आणि घरातल्या दुःखाच्या. शेवटी कुलपांविषयी आणि आपल्या घरांविषयी.

पहिली बाजू कायद्याची.

वॉशिंग्टन शहरात १९७६पासून एक कडक कायदा होता. नागरिकांना नवं पिस्तूल बाळगायला बंदी होती. घरातली इतर बंदूक रिकामी करून, सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवावी लागे. या कायद्याला आव्हान मिळालं आणि ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ मार्च २००८ रोजी तोंडी सुनावणी झाली आणि देशाचं सर्वोच्च न्यायालय काही मिनिटांसाठी एका शयनगृहात शिरलं. खोलीच्या खिडकीतून कुणी आत शिरत असेल तर काय, हा प्रश्न निघाला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी विचारलं की कुलूप काढून गोळ्या भरायला किती वेळ लागेल? शहराचे वकील वॉल्टर डेलिंजर म्हणाले की त्यांनी स्वतः कुलूप उघडून पाहिलं आहे, तीन सेकंद लागतात. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया म्हणाले की आकडे जुळवायला आधी दिवा लावावा लागेल. सरन्यायाधीशांनी पुस्ती जोडली की वाचायचा चष्माही शोधावा लागेल. कोर्टात हशा पिकला. आपण प्रयोग दिवसाउजेडी केला होता, हे डेलिंजर यांनी तिथेच सांगून टाकलं.

तीन सेकंद, एक दिवा, एक चष्मा. रात्रीच्या शस्त्राचा सगळा पेच या तीन गोष्टींत आहे.

२६ जून २००८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. पिस्तुलांवरची बंदी आणि कायम कुलुपाची ती सक्ती, दोन्ही रद्द झाल्या. स्वसंरक्षणाच्या क्षणीही शस्त्र वापरता येणार नसेल तर ती सक्ती घटनेत बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. बंदुकांच्या बाजूने बोलणारे हा निकाल वारंवार सांगतात. पण त्याच निकालपत्रातलं आणखी एक विधान फारसं कुणी सांगत नाही. अपघात टाळण्यासाठी शस्त्रं कशी ठेवावीत याचे नियम करणारे कायदे आमच्या विवेचनामुळे अवैध ठरत नाहीत, असंही न्यायालयाने लिहून ठेवलं आहे.

त्या मोकळ्या ठेवलेल्या दाराचा आधार सॅन फ्रान्सिस्को शहराच्या आधीच झालेल्या एका नियमाला मिळाला. तिथल्या २००७च्या नियमाने पिस्तूल अंगावर बाळगायला आडकाठी केली नाही. अंगावर नसेल तेव्हा मात्र ते कुलूपबंद पेटीत ठेवा किंवा त्याच्या चापाला कुलूप लावा, एवढंच सांगितलं. याही नियमाला आव्हान मिळालं आणि वाद पुन्हा पलंगापाशी आला. झोपताना पिस्तूल अंगावर बाळगायचं कसं? २०१४मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे नवव्या विभागाच्या, संघीय अपील न्यायालयाने नियम वैध ठरवला. भरलेलं पिस्तूलही पेटीत ठेवता येतं आणि आजच्या पेट्या चटकन उघडतात, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हात घालायला नकार दिला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस आणि स्कॅलिया यांनी मात्र विरोध नोंदवला. झोपताना, अंघोळ करताना, कपडे बदलताना माणूस सर्वांत असहाय असतो आणि नेमकी त्याच वेळी त्याला शस्त्राची गरज असते, असा थॉमस यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद दुबळा नाही. त्याचं उत्तर द्यायला हवं. झोपलेला माणूस असहाय असतो, हे खरं. पण तो फक्त चोरापुढे असहाय असतो का? शेजारच्या खोलीतून रांगत आलेल्या बाळापुढे तो असहाय नसतो का? रात्री दोन वाजता निराशेने बाहेर पडलेल्या सोळा वर्षांच्या मुलापुढे? खिडकीतून हात घालून पिस्तूलच उचलणाऱ्या भामट्यापुढे? असहायता चारी दिशांना असते. उशाशी ठेवलेलं उघडं शस्त्र त्यातल्या एकाच दिशेचा विचार करतं.

दुसरी बाजू झोपेची.

दचकून जागा झालेला माणूस पूर्ण जागा असतो का? कोलोरॅडो विद्यापीठाचे केनेथ राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग जानेवारी २००६मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. चांगली आठ तास झोप मिळालेल्या माणसांना उठवून लगेच बेरजांची चाचणी दिली. उठल्या-उठल्या त्यांची बुद्धी जशी चालली, ती सलग २६ तास जागं ठेवल्यानंतरच्या त्यांच्याच कामगिरीपेक्षा वाईट होती. पहिली तीन मिनिटं सर्वांत वाईट होती. त्यानंतर मेंदू हळूहळू ताळ्यावर आला, आणि पूर्ण सावरायला काही वेळा बराच वेळ लागला. डोळे उघडतात, पाय जमिनीवर येतात, पण निर्णय घेणारा मेंदूचा भाग मागे रेंगाळतो. रात्रपाळीच्या डॉक्टरांना, अग्निशमन दलाच्या जवानांना, लांब पल्ल्याच्या वैमानिकांना हे अनुभवाने माहीत असतं.

आता तो तीन सेकंदांचा वाद आठवा. घरमालकाला वाटतं की कुलपाने त्याचे तीन-चार सेकंद वाया जातात. खरं तर त्या सेकंदांत काय घडतं? माणूस उठून बसतो, हात पेटीकडे नेतो, बटणं मोजून दाबतो. बोटांना ठरलेला क्रम आठवावा लागतो. शेजारी कोण झोपलं आहे, दारात कोण उभं आहे, परगावी शिकणारी मुलगी न सांगता रात्रीच्या बसने आली आहे का, हे प्रश्न मनात यायला जेवढी फट लागते, तेवढी ती फट असते. ते सेकंद वाया जात नाहीत.

झोपेच्या औषधांचा मुद्दा याला जोडूनच येतो. झोल्पिडेमसारख्या गोळ्या घेतलेले काही लोक झोपेतच चालतात, स्वयंपाक करतात, गाडीही चालवतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. २०१९मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा औषधांच्या माहितीपत्रकात सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ज्या इजांच्या नोंदींमुळे हा निर्णय झाला, त्यांत बंदुकीच्या जखमाही होत्या. गोळी घेऊन झोपणाऱ्याच्या उशाशी भरलेलं पिस्तूल उघडं नसावं, हे समजायला आणखी काय हवं?

आणि झोपेचा अंमल नसला तरी अंधार आणि भीती पुरेशी असते. १४ फेब्रुवारी २०१३ची पहाट. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका बंदिस्त वसाहतीत, दोन्ही पाय गुडघ्याखाली नसतानाही ऑलिंपिकमध्ये धावलेला ऑस्कर पिस्टोरियस आपल्या घरात होता. नऊ मिलिमीटरचं भरलेलं पिस्तूल पलंगाखाली होतं. त्याने न्यायालयात सांगितलं ते असं: न्हाणीघराची खिडकी वाजल्याचा आवाज आला, चोर शिरला असं वाटलं, पिस्तूल घेतलं, आणि शौचालयाच्या बंद दरवाजातून चार गोळ्या झाडल्या. दरवाजामागे त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प होती. ती मरण पावली. सरकारी पक्षाला ही हकीकत मान्य नव्हती. त्यांच्या मते आधी भांडण झालं होतं. सप्टेंबर २०१४मध्ये न्यायाधीश थोकोझिले मसिपा यांनी त्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं आणि डिसेंबर २०१५मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो खून ठरवला. दाराआड जो कुणी असेल तो मरू शकतो हे त्याला कळत असलंच पाहिजे, असं अपील न्यायालयाचं म्हणणं होतं.

आरोपीची हकीकत शब्दन् शब्द खरी मानली, तरी तिच्यातून काय दिसतं? घराला भिंती होत्या, वसाहतीला पहारा होता, हातात प्रशिक्षित नेमबाजाचं पिस्तूल होतं. एवढं असून पलंगाची दुसरी बाजू रिकामी आहे की नाही, हे पाहिलं गेलं नाही. पिस्तूल हाताशी येण्याचा वेग हा विचार करण्याच्या वेगापेक्षा जास्त होता.

तिसरी बाजू मुलांची, आणि इथे जरा थांबायला हवं.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, डिसेंबर २०२३मध्ये एक अहवाल काढला. २००३ ते २०२१ या वर्षांत सतरा वर्षांपर्यंतच्या ज्या मुलांचे मृत्यू चुकून गोळी सुटल्यामुळे झाले, त्यांतल्या १,२६२ मृत्यूंची छाननी त्यात आहे. यातले ८५ टक्के मृत्यू कुणाच्या तरी घरात झाले. शस्त्र कसं ठेवलं होतं याची माहिती जिथे मिळाली, तिथे सुमारे तीन चतुर्थांश वेळा ते भरलेलं होतं आणि सुमारे तीन चतुर्थांश वेळा ते कुलपाबाहेर होतं. मुलांनी ते कुठून घेतलं? सर्वांत जास्त वेळा, म्हणजे दहापैकी तीनदा, पलंगाशेजारच्या टेबलावरून किंवा झोपण्याच्या जागेच्या आसपासून. माळ्यावरून नाही, गाडीतून नाही, उशापासून. चोरासाठी ठेवलेलं पिस्तूल सापडलं ते मुलाला.

‘आमच्या मुलांना आम्ही बजावून ठेवलं आहे,’ असं प्रत्येक घर सांगतं. बजावण्याचा उपयोग होतो का? अटलांटातल्या डॉक्टरांनी हे पडताळून पाहिलं आणि २००१मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटांनी एका खोलीत पंधरा मिनिटं खेळायला सोडलं. खणांमध्ये दोन पाण्याच्या पिचकाऱ्या होत्या आणि एक खरं, पण रिकामं पिस्तूल होतं. एकतर्फी आरशामागून निरीक्षण चाललं होतं. २९ गटांपैकी २१ गटांना पिस्तूल सापडलं. त्यांपैकी १६ गटांनी ते हाताळलं आणि १० गटांत कुणीतरी चाप ओढला. ज्यांनी हात लावला, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांना आधी बंदुकीबाबत सावधगिरीचे धडे मिळालेले होते. ही वाईट मुलं नव्हती. ती दहा वर्षांची मुलं होती.

दुसरा समज असा, की मुलाला जागाच माहीत नाही. अलाबामाच्या ग्रामीण भागात, बंदूक असलेल्या घरांतले पालक आणि त्यांची मुलं यांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले गेले. २००६मध्ये ते निष्कर्ष छापून आले. ‘आमच्या मुलाला बंदूक कुठे आहे ते माहीत नाही,’ असं सांगणाऱ्या पालकांच्या मुलांपैकी ३९ टक्के मुलांना जागा नेमकी माहीत होती. ‘त्याने कधी हात लावलेला नाही,’ असं सांगणाऱ्यांच्या मुलांपैकी २२ टक्के मुलांनी हात लावला होता. ज्या घरात मुलांना लाडवांचा डबा कुठे लपवलाय ते कळतं, तिथे पिस्तुलाचा खण कळणार नाही, असं आईबापांनी का मानावं?

एका पाहणीच्या हिशोबाने २०१५मध्ये अमेरिकेतली सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहत होती, जिथे निदान एक तरी बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर होती. म्हणजे भरलेली, उघडी बंदूक हे विक्षिप्त माणसांचं लक्षण नाही. ती तिथल्या लाखो घरांची चालत आलेली सवय आहे, आणि सवय बदलता येते.

चौथी बाजू घरातल्या दुःखाची. तिच्याबद्दल सभागृहात बोललं जात नाही, म्हणून ती मुद्दाम घ्यायची.

उशाशी पिस्तूल ठेवणारा माणूस बाहेरच्याला घाबरतो. आकडे मात्र आत बोट दाखवतात. २०२२मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं मेली. त्यातल्या सुमारे २७ हजार आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. रात्र ही निराश माणसाची सर्वांत कठीण वेळ असते. घर झोपलेलं असतं, फोन करायला कुणी नसतं, आणि मनात उसळलेली लाट काही मिनिटांची किंवा काही तासांची असते. ती ओसरेपर्यंत मध्ये अडथळा असला, तर बहुतेक माणसं वाचतात. वाचलेली बहुतेक माणसं पुढे आत्महत्येने मरत नाहीत. हातात बंदूक आली तर मात्र दुसरी संधी जवळजवळ मिळतच नाही.

अडथळ्याचा खरंच उपयोग होतो का? इस्रायलच्या सैन्याचं उदाहरण पाहा. तरुण सैनिक आठवड्याअखेरच्या सुट्टीत बंदूक घरी नेत. सैन्यातल्या आत्महत्यांचा मोठा भाग त्या सुट्टीतल्या, घरातल्या बंदुकीचा होता. २००६मध्ये नियम बदलला आणि सुट्टीवर जाताना शस्त्र तळावरच ठेवायला सांगितलं. पुढच्या काळात सैन्यातल्या आत्महत्यांचा दर सुमारे ४० टक्क्यांनी घटला. सैनिक तेच, नोकरी तीच, ताण तोच. फक्त झोपण्याच्या खोलीतली बंदूक नव्हती.

म्हणून तज्ज्ञांचा सल्ला साधा आहे. घरात कुणी खचलेलं असेल, नोकरी गेली असेल, घटस्फोट चालू असेल, तर शस्त्र काही दिवस घराबाहेर ठेवावं. कायद्यात बसेल तसं विश्वासू नातेवाइकाकडे, अधिकृत विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे. ते जमत नसेल तर पेटीचा आकडा बदलावा आणि तो त्या व्यक्तीला सांगू नये. आपल्या देशात अशा रात्री बोलायला कुणी हवं असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. हा क्रमांक आज प्रत्येकाने टिपून घ्यावा, घरात बंदूक असो वा नसो.

आता कुलपांविषयी. कुठलं कुलूप, कसं?

ज्याला शस्त्राची तातडीची गरज नाही, त्याच्यासाठी उत्तर सरळ आहे. २००५मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार सवयी तपासल्या गेल्या: बंदूक कुलपात ठेवणं, रिकामी ठेवणं, काडतुसं वेगळी ठेवणं आणि काडतुसांनाही कुलूप लावणं. चारही सवयींचा मुलांच्या आणि किशोरांच्या जिवाला उपयोग होतो, आणि प्रत्येकीचा स्वतंत्रपणे होतो, असं दिसलं. रिकाम्या बंदुकीच्या यंत्रणेतून ओवलेली तारेची साखळी हे सर्वांत स्वस्त साधन. अमेरिकेत ती अनेक ठिकाणी फुकट मिळते. चापाचं कुलूपही चालतं, पण ते भरलेल्या पिस्तुलाला कधीच लावू नये. कुलूप बसवताना त्याची कांडी चापाला लागू शकते.

ज्याला रात्री शस्त्र हाताशी हवंच आहे, त्याच्यासाठी पलंगाजवळची छोटी पोलादी पेटी आहे. ती टेबलाला किंवा भिंतीला बोल्टने पक्की केलेली हवी, नाहीतर चोर पेटीसकट उचलून नेतो. अंधारात, चष्म्याशिवाय, नुसत्या स्पर्शाने उघडणारी यांत्रिक बटणांची पेटी भरवशाची मानतात, कारण तिला ना बॅटरी लागते ना दिवा. २००८च्या सुनावणीत विचारलेल्या दिव्याच्या आणि चष्म्याच्या प्रश्नांना कारागिरांनी हे उत्तर दिलं आहे. पेटीत पिस्तूल होल्स्टरमध्ये असावं, म्हणजे घाईत हात घातला तरी बोट चापावर जात नाही. आणि पेटी रोज उघडून बंद करण्याचा सराव असावा, शस्त्र रिकामं करून.

उशीखाली? कधीच नाही. झोपेत हात फिरतो, चादर अडकते, पिस्तूल खाली पडतं. आजची बहुतेक चांगली पिस्तुलं पडून सुटू नयेत अशी बनवलेली असतात, पण जुनी शस्त्रं तशी नसतात. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असे आणि जोराचा धक्का बसला की गोळी सुटे. म्हणून जाणकार सहा घरांच्या रिव्हॉल्वरमध्ये पाचच गोळ्या भरत. आजोबांकडून आलेलं शस्त्र उशाशी ठेवणाऱ्याला हे ठाऊक असतंच असं नाही.

महागडी पेटी घेतली म्हणजे झालं, असंही नाही. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या सुमारे ६१ हजार पेट्या ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकेत बाजारातून परत मागवाव्या लागल्या. मालकाने ठसा नोंदवला आहे असं समजून ठेवलेली पेटी कुणाच्याही बोटाने उघडत होती. एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचं प्रकरण त्या पेट्यांशी जोडलेलं होतं. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड गावात ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने शाळेत गोळीबार केला आणि चार विद्यार्थी गेले. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी विकत घेतलं होतं. खटल्यात उघड झालं की पिस्तुलासोबत मिळालेलं तारेचं कुलूप वेष्टनातून काढलेलंही नव्हतं, आणि घरातल्या तिजोरीचा आकडा कारखान्यातून आला तसाच होता: शून्य, शून्य, शून्य. २०२४मध्ये आई आणि बाप दोघेही मनुष्यवधासाठी दोषी ठरले आणि त्यांना दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. पेटी विकत घेणं ही सुरुवात आहे. आकडा बदलणं, ठसा तपासणं आणि रोज रात्री खरोखर बंद करणं, हे त्यापुढचं काम आहे.

श्रोतेहो, या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध?

संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट इथली. भारतात शस्त्र हा हक्क नाही, परवाना आहे. १९५९चा शस्त्र कायदा, २०१६चे नियम आणि २०१९ची दुरुस्ती, जिने एका परवानाधारकाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवायला मनाई केली. तरीही महाराष्ट्रात परवान्याची शस्त्रं आहेत. शेतकऱ्यांकडे, व्यापाऱ्यांकडे, पुढाऱ्यांकडे, नटांकडे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी शिरली. कोलकात्याला निघण्याच्या तयारीत शस्त्र कपाटात ठेवताना ते हातून निसटलं आणि गोळी सुटली, असं त्यांच्याकडून सांगण्यात आलं. शस्त्रक्रिया झाली, गोळी निघाली, जीव वाचला. वेळ पहाटेची होती, प्रवासाची घाई होती आणि शस्त्र भरलेलं होतं. निवडणुकीच्या काळात आपल्याकडे परवान्याची शस्त्रं पोलिसांकडे जमा करून घेतात, कारण सार्वजनिक शांततेची काळजी असते. उरलेल्या दिवसांत घरातल्या शांततेची काळजी कोण घेतं?

दुसरी वाट परदेशातल्या आपल्या माणसांची. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात हजारो मराठी कुटुंबं राहतात. अनेकांनी स्वतः कधी बंदूक पाहिलेली नसते. पण त्यांची मुलं शनिवारी रात्री मित्राकडे झोपायला जातात. त्या घरात उशाशी काय आहे, हे कोण विचारणार? अमेरिकेत याच प्रश्नासाठी एक मोहीम चालते आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा तिला पाठिंबा आहे. पालकांनी दुसऱ्या पालकांना एवढंच विचारायचं: तुमच्या घरी कुलपाबाहेर बंदूक आहे का? आपल्या लोकांना असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. यजमानाचा अपमान होईल, असं वाटतं. मुलाला शेंगदाणे चालत नाहीत हे आई ज्या सहजतेने सांगते, त्याच सहजतेने हेही विचारता येतं. सुट्टीत अमेरिकेला नातवंडांकडे जाणाऱ्या इथल्या आजी-आजोबांनीही मुला-सुनेशी हा विषय काढावा.

थोडक्यात सांगायचं तर मुद्दे पाच. न्यायालयांनी कुलपाला मनाई केलेली नाही, गरजेच्या क्षणीही उघडता न येणाऱ्या कुलपाच्या सक्तीला केली आहे. झोपेतून उठलेल्या माणसाला विचार करायला काही क्षण लागतात आणि कुलूप ते क्षण मिळवून देतं. मुलं लपवलेली वस्तू शोधतात आणि बंदूक त्यांना सर्वांत जास्त वेळा सापडते ती पलंगाजवळ. घरातलं सर्वांत मोठं संकट पुष्कळदा बाहेरून येत नाही. आणि कुलूप बदलणं माणूस बदलण्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. बॉस्टनच्या संशोधकांनी २०१९मध्ये हिशोब मांडला की मुलं असलेल्या आणि उघडी बंदूक ठेवणाऱ्या दर पाच घरांपैकी एकाने जरी सगळ्या बंदुका कुलपात ठेवल्या, तरी मुलांचे आणि किशोरांचे आत्महत्येने व अपघाताने होणारे बंदुकीचे मृत्यू ठळकपणे घटतील.

म्हणून एक ठोस मागणी इथेच मांडायची आहे. शस्त्राचा परवाना देताना आणि त्याचं नूतनीकरण करताना अर्जदाराचं चारित्र्य, गुन्ह्यांची नोंद, शस्त्राची गरज हे सगळं पाहिलं जातं. त्याच वेळी पोलिसांनी घरी जाऊन एवढं पाहावं: शस्त्र रात्री कुठे असतं, पेटी आहे का, ती पक्की केलेली आहे का, तिचा आकडा बदललेला आहे का, काडतुसं कुठे आहेत आणि घरात मुलं किती आहेत. जपानमध्ये बंदुकीसाठी आणि काडतुसांसाठी वेगवेगळी कुलूपबंद कपाटं लागतात आणि पोलीस दरवर्षी शस्त्रांची तपासणी करतात. आपल्याकडे परवानाधारकांची संख्या लोकसंख्येच्या मानाने फार थोडी आहे, त्यामुळे हे काम प्रत्येक पोलीस ठाण्याच्या आवाक्यातलं आहे. या सभागृहात वकील आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत. जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस आयुक्तांकडे तसं निवेदन द्यायला त्यांनी पुढे यावं, आणि ज्यांच्या घरी परवान्याचं शस्त्र आहे, त्यांनी निवेदनाची वाट न पाहता आज रात्रीच पेटीची तपासणी करावी.